खालचे दात दिसतात का?

मुलाचे दात पुढे आले असतील तर ते सगळ्या गावाला दिसतात. मुलगी असेल तर दहाव्या-अकराव्या वर्षीच घरात लग्नाची काळजी बोलून दाखवली जाते आणि तारा बसवायचा विषय निघतो. पण त्याच वर्गात एखादे मूल असे असते की त्याचे वरचे दात सरळ, उलट किंचित आत वळलेले असतात. ओठ नीट मिटतात, हसले की छान दिसते. त्याला दातांच्या डॉक्टरकडे न्या असे कोणी सांगत नाही. त्याने दाढा मिटल्या की खालचे पटाशीचे दात वरच्या दातांमागे पूर्ण गडप होतात आणि त्यांची टोके टाळूच्या हिरडीत रुतलेली असतात. दातांच्या दवाखान्यात याला डीप बाइट, म्हणजे खोल चावा, म्हणतात. दंतरचनेच्या दोषांपैकी हा सगळ्यात सहज नजरेतून सुटणारा, कारण तो दिसण्यात खुपत नाही आणि पंधराव्या वर्षी दुखतही नाही. त्याचा हिशोब चाळिशीनंतर पुढे येतो. तोवर स्वस्तात आणि सोप्या रीतीने दुरुस्त करण्याचे वय निघून गेलेले असते.

आधी मोजमाप समजून घेऊ. दाढा एकमेकींवर टेकवल्या की वरचे पटाशीचे दात खालच्यांना थोडे झाकतात, हे नैसर्गिकच आहे. साधारण २ ते ४ मिलिमीटर, म्हणजे खालच्या दाताच्या उंचीचा वरचा एक तृतीयांश भाग झाकला जाणे ठीक. निम्म्याहून जास्त झाकला जात असेल तर डॉक्टरांना दाखवावे. अजिबातच दिसत नसेल तर नक्की दाखवावे. दात पुढे येणे आणि हा खोल चावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात वरचे दात खालच्यांपेक्षा किती पुढे आहेत ते मोजतात, दुसऱ्यात किती खाली उतरले आहेत ते. दोन्ही एकाच तोंडात असू शकतात, आणि मग घरच्यांचे लक्ष फक्त पहिल्याकडे जाते.

ही तपासणी घरी करता येते. मुलाला उजेडात बसवा. ‘दात दाखव’ म्हटले की मुले खालचा जबडा पुढे आणून दातावर दात ठेवतात, त्यामुळे काहीच कळत नाही. म्हणून जिभेचे टोक टाळूला जमेल तितके मागे लावायला सांगा, गिळायला सांगा आणि मग दाढा मिटायला सांगा. दोन्ही ओठ बोटांनी बाजूला करून पाहा. मग तोंड उघडायला सांगून मोबाइलच्या टॉर्चने वरच्या पटाशीच्या दातांमागची हिरडी बघा. तिथे दातांच्या टोकांचे खळगे, लाली किंवा सूज आहे का? खालच्या पुढच्या दातांची हिरडी बाहेरच्या बाजूने खाली सरकून एखादा दात शेजारच्यापेक्षा लांब दिसतो का? मुलाला विचारा, भाकरीचा कडक पापुद्रा चावताना टाळूला टोचते का. मुले हे आपणहून सांगत नाहीत, कारण सगळ्यांचे असेच असते असे त्यांना वाटते.

आठ-नऊ वर्षांच्या मुलात थोडा खोल चावा दिसला म्हणून घाबरायचे कारण नाही. दुधाच्या दाढा पडून कायमच्या दाढा पूर्ण वर येईपर्यंत चावा थोडा खोल असतोच, आणि बारा वर्षांनंतर तो पुष्कळदा आपोआप कमी होतो. त्या वयात तज्ज्ञाने एकदा पाहून ‘वर्षाने परत या’ म्हटले तर तो सल्ला योग्यच आहे. मात्र हिरडीला जखम होत असेल तर आठव्या वर्षीसुद्धा थांबू नये.

उपचार कोणाला हवेत आणि कोणाला नकोत, हे ठरवायला एक चांगली पट्टी उपलब्ध आहे. ब्रूक आणि शॉ या ब्रिटिश दंततज्ज्ञांनी १९८९ मध्ये दंतरचनेच्या दोषांची पाच पायऱ्यांत विभागणी केली. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत उपचार कोणाला द्यायचे हे तिच्या आधारेच ठरते. चावा साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून खोल, पण खालचे दात हिरडीला टेकत नाहीत, ही दुसरी पायरी, म्हणजे उपचारांची गरज थोडी. टेकतात पण जखम नाही, ही तिसरी, सीमेवरची. टेकतात आणि हिरडीला किंवा टाळूला इजा होते, ही चौथी, म्हणजे उपचार हवेतच. वाचकांनी लक्षात ठेवायचा प्रश्न त्यामुळे एकच: टेकतात का, आणि टेकून जखम होते का? नुसता चावा खोल आहे, पण दात दातांवर नीट विसावतात आणि हिरड्या निरोगी आहेत, अशा माणसाला कोणी घाबरवून तारा बसवायला लावू नये.

आता दुर्लक्ष केले तर काय होते ते सविस्तर पाहू. पहिला मार खातो तो टाळूकडचा भाग. प्रत्येक घासाला खालच्या दातांची टोके वरच्या दातांमागच्या हिरडीवर आपटतात. ती जागा आरशात दिसत नाही आणि ब्रश तिथे नीट पोहोचत नाही. हिरडी सुजते, तिच्यात अन्न दाबले जाते, हळूहळू ती दातापासून सुटायला लागते. वरचे दात आत वळलेले असतील तर दुसऱ्या बाजूनेही नुकसान होते: त्यांच्या कडा खालच्या दातांची बाहेरची हिरडी खरवडून खाली ढकलतात. मुळे उघडी पडतात, गार पाणी लागले की कळ जाते. अशी खाली गेलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही. चावा दुरुस्त केला तर पुढची झीज थांबते, पण गेलेली हिरडी आणायला वेगळी शस्त्रक्रिया लागते आणि तीही प्रत्येकाला पूर्ण यश देतेच असे नाही.

काहींच्या बाबतीत हिरडी वाचते आणि दात झिजतात. खालच्या दातांच्या घर्षणाने वरच्या दातांचे मागचे कवच पातळ होत जाते, कडा पारदर्शक दिसू लागतात, मग त्यांचे टवके उडतात. समोरून दात शाबूत दिसतो, मागून तो निम्मा झिजलेला असतो.

खरी अडचण येते ती दाढा गेल्यावर. आपल्याकडे किडलेली दाढ वाचवण्यापेक्षा काढून टाकणे अजूनही सोपे समजतात. एक काढली, पाच वर्षांनी दुसरी काढली, जागा रिकामीच राहिली. मागचा आधार गेला की चावा आणखी खोल होतो आणि सगळा भार पुढच्या दातांवर येतो. हिरड्या आधीच कमजोर असतील तर वरचे पुढचे दात हलायला लागतात, बाहेर सरकतात, त्यांच्यात फटी पडतात. मग माणूस कृत्रिम दात बसवायला जातो, तर डॉक्टर सांगतात की बसवायला जागाच नाही. वरच्या दातांमागे किंवा खाली कॅपच्या जाडीएवढीसुद्धा मोकळीक उरलेली नसते. तरी बसवलेली कॅप निघते, फुटते. कवळीसुद्धा टिकत नाही. पंचविशीत जे काम तारांनी झाले असते, त्यासाठी पन्नाशीत दंतरचना, हिरड्या आणि कृत्रिम दात अशा तीन तज्ज्ञांकडे खेटे घालावे लागतात.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे आणखी गांभीर्याने घ्यावे. हिरड्यांचा आजार आणि रक्तातली साखर यांचा संबंध दुहेरी आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. दुसरी बाब तंबाखूची. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या गावांत मिश्री लावणाऱ्या बायका अजून पुष्कळ आहेत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीवर रोज तंबाखू घासायचा आणि त्याच हिरडीला दातांचा मार बसायचा, अशा तोंडात दात लवकर हलतात. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. आई-आजींचे दात बघताना हे विसरू नका.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. खोल चाव्यामुळे डोकेदुखी, मानदुखी, चक्कर, झोपेचे विकार होतात आणि तारा बसवल्या की हे सगळे थांबते, असे दावे ऐकू येतात. जबड्याचा सांधा दुखणे आणि दातांची ठेवण यांचा संबंध संशोधनात फार क्षीण आढळला आहे. फक्त डोके दुखते म्हणून कोणी तारा बसवू नयेत. जबडा उघडताना नुसता कट्ट आवाज होतो, पण दुखत नाही आणि अडकत नाही, तर बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही. झोपेचे म्हणाल तर, ज्याचा खालचा जबडाच लहान आणि मागे आहे, जो मोठ्याने घोरतो आणि मध्येच ज्याचा श्वास थांबतो, त्याने आधी कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्यावी. हिरडीची जखम आणि दातांची झीज ही उपचाराची खरी कारणे आहेत आणि ती पुरेशी आहेत.

चावा खोल का होतो? पुष्कळदा तो घराण्यातून येतो. वरचे दात आत वळलेले, हनुवटी ठसठशीत, चेहरा आखूड अशी ठेवण बापलेकांत सारखी दिसते. खालचा जबडा मागे राहिला तर खालच्या पुढच्या दातांना वर येताना अडवणारे काही नसते, ते वाढत टाळूपर्यंत जातात. हे आपल्या हातात नाही. दाढा सांभाळणे मात्र आपल्या हातात आहे. सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक कायमची दाढ येते. ती येताना कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. तिला कीड लागली की ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात आणि दहाव्या वर्षी ती काढावी लागते. ही दाढ आयुष्यभराचा चावा तोलून धरते. दुधाच्या दाढाही वेळेआधी काढू नयेत. काढाव्या लागल्याच तर जागा राखणारी छोटी तार बसवून घ्यावी. तो खर्च थोडाच असतो.

उपचार वयावर ठरतात. दहा ते तेरा या वयात, मुलाची वाढ चालू असताना, काम सोपे असते. वरच्या दातांमागे ॲक्रिलिकचा सपाट ओटा असलेली काढता-घालता येणारी प्लेट देतात. खालचे पुढचे दात त्या ओट्यावर टेकतात, दाढा दोन-तीन मिलिमीटर अधांतरी राहतात आणि काही महिन्यांत त्या वर येऊन एकमेकींना भेटतात. चावा उथळ होतो. अट एवढीच की डॉक्टर सांगतील तितके तास, बहुधा दिवसरात्र, ती घालायला हवी. दप्तरात ठेवलेल्या प्लेटचा काही उपयोग नाही. खालचा जबडा मागे असेल तर वर-खाली दोन प्लेटा देतात, त्यांच्या तिरक्या कडांमुळे जबडा पुढे राहतो. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये ही ट्विन ब्लॉक पद्धत सुरू केली आणि भारतात ती भरपूर वापरली जाते. मुलींमध्ये साधारण दहा ते बारा आणि मुलांमध्ये बारा ते चौदा, म्हणजे उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत तिचा चांगला उपयोग होतो. वरचे दात आत वळलेले असतील तर आधी ते बाहेर काढून मग जबड्याचे काम करतात.

कायमचे दात आल्यावर चिकटवलेल्या तारा. पुढचे दात हाडात थोडे आत दाबणे, दाढा थोड्या वर आणणे किंवा दोन्ही, हे चेहऱ्याची ठेवण बघून ठरते. त्यासाठी डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे लागतो. तो न काढता थेट तारा चिकटवणाऱ्याकडे थांबू नका. उपचाराला दीड ते अडीच वर्षे धरावीत. मोठ्या माणसांचेही काम होते. वाढ संपलेली असल्याने त्यांच्यात पुढचे दात दाबण्यावर भर असतो, काही वेळा हाडात छोटा स्क्रू बसवून त्याचा आधार घेतात. पण हिरड्यांचा आजार असेल तर आधी तो आटोक्यात आणल्याशिवाय तारा बसवू नयेत. दातांच्या मुळांची टोके किंचित आखूड होणे, ब्रश नीट न केल्यास तारांभोवती पांढरे डाग पडणे, हे धोके डॉक्टरांनी आधी सांगितले पाहिजेत. तारांऐवजी घालायच्या पारदर्शक अलाइनरने हलका खोल चावा सुधारतो, पण जास्त खोल असेल तर त्याचा भरवसा कमी. तोंडाची तपासणी न करता घरपोच मिळणारे अलाइनर तर घेऊच नयेत. जबड्यांच्या हाडांतच मोठा फरक असेल तर वाढ संपल्यावर तारा आणि शस्त्रक्रिया दोन्ही लागतात.

डॉक्टर दात काढायला सांगत असतील तर एक प्रश्न जरूर विचारा: त्याने चावा आणखी खोल होणार नाही ना? गर्दी असलेल्या जबड्यात उपदाढा काढणे कधीकधी गरजेचे असते. पण खोल चाव्यात रिकामी जागा भरताना पुढचे दात मागे येतात आणि चावा आणखी खोल होऊ शकतो, म्हणून चांगला तज्ज्ञ इथे हात राखून काम करतो. त्याचे कारण तो तुम्हाला एक्स-रे दाखवून समजावेल. समजावत नसेल तर दुसरे मत घ्या.

हे सगळे करायला मुंबई गाठावी लागत नाही. नगर जिल्ह्यातच दंत महाविद्यालये आहेत, उदाहरणार्थ राहाता तालुक्यात लोणीला प्रवरा वैद्यकीय संस्थेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आणि संगमनेरजवळ घुलेवाडीला एसएमबीटी दंत महाविद्यालय. दोन्हीकडे दंतरचनेचा वेगळा विभाग आहे. अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या लोकांना ही जवळची. शेवगाव-पाथर्डीकरांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय, आणि श्रीगोंदा, कर्जत, पारनेरकरांना पुण्यातली महाविद्यालये सोयीची पडतात. महाविद्यालयात खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो, वेळ जास्त जातो. काम पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. त्यांचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो, त्यामुळे मधेच डॉक्टर बदलू शकतो. म्हणून सुरुवातीचे एक्स-रे, फोटो आणि उपचाराचा आराखडा यांची प्रत स्वतःकडे ठेवा. खासगी दवाखान्यात जाणार असाल तर डॉक्टर दंतरचनेत एमडीएस आहेत ना, हे बघा आणि एकूण खर्च, हप्ते, तार तुटल्यास लागणारे पैसे हे सगळे कागदावर घ्या.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक येते. २०१३ पासून चाललेल्या या कार्यक्रमात शाळेतली तपासणी वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतली दोनदा होते. पथकाकडे मुले खूप असतात आणि वेळ थोडा, त्यामुळे किडलेले दात पाहिले जातात, चावा पाहायचा राहून जातो. शिक्षकांनी आणि पालकांनी ‘दाढा मिटवून पाहा’ एवढे सांगितले तरी फरक पडेल.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कुटुंबांसाठी वेगळे सांगायला हवे. तारांचे काम चार-सहा आठवड्यांनी दाखवावे लागते, आणि दिवाळीच्या आसपास गेलेले कुटुंब मार्च-एप्रिलला परतते. तोंडात कार्यरत तार ठेवून पाच महिने कोणी पाहिलेच नाही तर दात भलतीकडे सरकतात, तारांभोवती कीड लागते. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हंगामाचे स्पष्ट सांगा. मूल आजीजवळ, हंगामी वसतिगृहात किंवा संत भगवानबाबा योजनेच्या वसतिगृहात राहणार असेल तर त्याला दवाखान्यात कोण नेणार ते आधीच ठरवा. सोबत येणाऱ्या आईला एसटीत २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, दीड-दोन वर्षांच्या फेऱ्यांत ते कामी येते. मूल तुमच्याबरोबरच जाणार असेल तर उपचाराची सुरुवात गावी परतल्यावर करा.

तारा असताना ऊस दाताने सोलायचा नाही. उसाच्या जिल्ह्यात मुलांना हे जड जाते, पण एका कांड्याने दातांवर चिकटवलेले दोन-तीन ब्रॅकेट (तार अडकवायचे तुकडे) निघतात. रस प्यायला तर लगेच चूळ भरावी. बाजरीची कडक भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून खावी. चिक्की, फुटाणे, कडक शेंगदाणे बंद. पेरू, गाजर बारीक फोडी करून. ब्रॅकेट निघाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात फोन करा. आणि रात्री झोपताना ब्रश केल्याशिवाय मुलाला झोपू देऊ नका.

तारा काढल्या की काम संपले, असे समजणाऱ्यांचा चावा पुन्हा खोल होतो. या दोषाला मूळ जागी परतायची ओढ असते. खालच्या सहा दातांमागे चिकटवलेली बारीक तार आणि रात्री घालायची वरची प्लेट, हे काही वर्षे, काहींना त्याहूनही जास्त काळ, चालू ठेवावे लागते. दोन-अडीच वर्षांचे कष्ट आणि पैसे यावरच टिकतात.

पालकांना एक कळकळीची विनंती. ‘दहावी होऊ दे, मग बघू’ हे वाक्य दवाखान्यांत रोज ऐकू येते. दहावी संपते तेव्हा मूल सोळा वर्षांचे असते आणि जबड्याच्या वाढीची वर्षे मागे पडलेली असतात. मूल पाचवी-सहावीत असेल तर येत्या सुटीत त्याचा चावा तपासा, आणि खालचे दात टाळूला टेकत असतील तर त्याच महिन्यात त्याला तज्ज्ञाकडे घेऊन जा.